व्हाउचर नको, पुस्तकच द्या!

वाढदिवसाला किंवा नाताळला पुस्तक देणं जोखमीचं, त्यापेक्षा गिफ्ट व्हाउचर बरं, हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. व्हाउचरवर मी तेच घेणार जे एरवीही घेतलं असतं. दुसऱ्याने निवडलेलं पुस्तक मात्र भलतीकडेच नेतं. मामेबहिणीने मला बुरशी आणि अळंब्यांवरचं जाडजूड पुस्तक दिलं. तेव्हापासून पावसाळ्यात कुजके ओंडके उलटे करून बघत बसते. (घरचे वैतागलेत, ते सोडा.)

आइसलँडमध्ये तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तकं भेट द्यायची पद्धतच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे आयात मालावर कडक बंधनं होती, कागदावर त्यामानाने कमी. त्यामुळे भेट म्हणून पुस्तक देणं सोयीचं झालं. १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादीही दरवर्षी निघते.

आणि हो, पुस्तक बदलून घेता यावं म्हणून पहिल्या पानावर काही लिहू नये, हा सल्लाही नामंजूर. देणाऱ्याचं नाव, तारीख आणि एखादी खोडसाळ ओळ हवीच. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती आल्या तर एक वाचनालयाला देऊन टाकते.