खुलासा : ईगल्सनी ब्लिट्झ केलाच नव्हता

'फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी धाव रोखण्याचा नाद सोडला, सतत ब्लिट्झ केला, म्हणून माहोम्स कोलमडला,' असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना. ईगल्ससमोर चीफ्स संघ होता; माहोम्स हा चीफ्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू. धाव म्हणजे चेंडू हातात घेऊन पळत पुढे जाणं.)

ब्लिट्झ म्हणजे नेहमीच्या चारपेक्षा जास्त खेळाडू क्वार्टरबॅकवर सोडणं. त्या सामन्यात ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांनी तो एकदाही वापरला नाही, असं सामन्याची अधिकृत आकडेवारी सांगते. तरीही माहोम्सला 6 वेळा सॅक केलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं. त्यातले अडीच सॅक ईगल्सच्या जॉश स्वेटचे (दोघांनी मिळून पाडलं, तर प्रत्येकी अर्धा). ईगल्स 40-22 ने जिंकले.

खरी गोम इथेच आहे. समोरचे चौघे स्वतःच्या ताकदीवर क्वार्टरबॅकसमोरची फळी फोडत असतील, तर उरलेले सात जण पासवर नजर ठेवायला मोकळे राहतात. माहोम्सला चेंडू द्यायला मोकळा गडीच दिसेना. शिवाय ईगल्सच्या जेलन कार्टर, जॉर्डन डेव्हिस यांच्यासारखे धिप्पाड गडी मधली वाटही अडवत होते, त्यामुळे धाव रोखायला मागून वेगळी कुमक लागत नव्हती. माझ्या मते या संघाचं सगळ्यात मोठं बळ हेच होतं.

चीफ्सच्या जमिनीवरच्या, म्हणजे धावण्याच्या, खेळाला जेमतेम 49 यार्ड मिळाले. मात्र त्याचं सगळं श्रेय बचावाला देऊ नये. मध्यंतरालाच 24-0 अशी पिछाडी होती, आणि इतकं मागे पडल्यावर कोणताही संघ धावणं सोडून पासकडेच वळतो.