लिंबाच्या झाडातलं घुबड

तीन दिवसांपूर्वी सकाळी अकराच्या सुमारास बागेत कावळ्यांनी असा कालवा केला की हातातलं काम टाकून मी बाहेर धावले. वाटलं, मांजरानं एखादं पिल्लू धरलं. बघते तर लिंबाच्या झाडाभोवती सात-आठ कावळे, सगळ्यांचा रोख आतल्या एकाच फांदीवर. वाकून डोकावले आणि जागीच थबकले. खोडाला अंग चिकटवून एक गव्हाणी घुबड बसलं होतं. बदामाच्या आकाराचा पांढराशुभ्र चेहरा, पाठीवर सोनेरी-राखी नक्षी.

मी मागच्या पावली घरात आले. माणूस बाहेर आल्यावर कावळेही थोड्या वेळानं पांगले. मग दिवसभर खिडकीतून दुर्बीण लावून जमेल तेवढं पाहत राहिले. त्याचे डोळे जेमतेम रेघेएवढे उघडे होते. घुबडाला दिवसा दिसत नाही असं आपण सर्रास म्हणतो, पण ते खरं नाही. त्याला दिवसाही दिसतं, फक्त बुबुळं खोबणीत फिरवता येत नाहीत, म्हणून ते अख्खी मान वळवतं. आपल्या मानेत 7 मणके, त्याच्या मानेत 14. कुठे पान सळसळलं की अंग तसंच आणि चेहरा मात्र हळूच पाठीकडे गेलेला.

संध्याकाळपर्यंत ओळखीच्यांत बातमी पसरली आणि फोन सुरू झाले. कुणी म्हणालं अशुभ, हुसकून लाव. कुणी म्हणालं मुलांना घेऊन येतो, फोटो काढू. एकानं तर पाणी मारून उडवायला सांगितलं, म्हणजे पंख पसरलेला फोटो मिळेल! मी सगळ्यांना नाही म्हटलं. दोघं नाराज झाले, त्याला माझा इलाज नाही. दिवसाढवळ्या घुबड उघड्यावर दिसतं तेव्हा बहुतेक वेळा त्याची झोपायची जागा गेलेली असते. झाड तुटलं, जुना माळा बंद झाला, नाहीतर कावळ्यांनी पाठलाग करून बाहेर काढलं. ते तिथं जीव मुठीत धरून बसलेलं असतं. त्याला पुन्हा उडवणं म्हणजे परत कावळ्यांच्या तोंडी देणं. जमिनीवर पडलेलं असेल, पंख लोंबत असेल, जवळ गेलं तरी हलत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवावं, चोचीत पाणी ओतू नये आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या जाणकारांना बोलवावं. एरवी आपण लांब राहणं एवढंच त्याच्या उपयोगाचं असतं.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली अंगठ्याएवढी काळपट, चकचकीत गोळी सापडली. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस अशा गोळीतून तोंडावाटे टाकून देतं. हातमोजे घालून, ओली करून दोन काड्यांनी ती उकलली. राखाडी केसांच्या लगद्यात सुईसारख्या बरगड्या, एक छोटी कवटी आणि खालच्या जबड्याचा अर्धा तुकडा, त्यात पिवळट-नारिंगी दात अजून घट्ट बसलेला. तो दात तळहातावर घेतला आणि मला एकदम शेडमधला डबा आठवला.

गेल्या वर्षी उंदरांनी रोपांची मुळं कुरतडली म्हणून मी उंदीर मारायच्या वड्या आणल्या होत्या. डब्यावर ब्रोमॅडिओलोन लिहिलंय. या औषधानं रक्त गोठायचं थांबतं, पण उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त, अडखळत उघड्यावर फिरतो. घुबडाला असा उंदीर सगळ्यात आधी सापडतो. आणि ते विष उंदरासोबत संपत नाही, घुबडाच्या यकृतात साठत जातं. एका रात्रीत तीन-चार उंदीर सहज फस्त करणाऱ्या पाखराला आपण असा उंदीर वाढून ठेवतो, तेही उंदीर कमी व्हावेत म्हणून. हे मला वर्षभर सुचलं नाही याचं फार वाईट वाटतंय. डबा आता कुलपात आहे, घातक कचऱ्यात द्यायचा आहे. बिळं बुजवलीत, खताच्या खड्ड्यावर जाळी टाकली, पिंजरा आणलाय. तुमच्याकडेही त्या वड्या असतील तर कृपा करून वापरू नका, हे सांगायलाच ही पोस्ट लिहितेय.

घुबड गेलं ते पहिल्याच दिवशी, दिवेलागणीला. मी पायरीवर बसले होते. फांदीवरून ते खाली झेपावलं आणि माझ्या डोक्यावरून, हात उंच केला असता तर लागला असता इतक्या जवळून गेलं. पंखांच्या कडेला मऊ झालर असते म्हणून त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही, हे वाचलं होतं. पण एवढं मोठं पाखरू अंगावरून जावं आणि कानाला काहीच कळू नये, याला अंगावर काटा येतो.

आज चौथा दिवस. लिंबाखाली दुसरी गोळी सापडलेली नाही. बागेच्या त्या कोपऱ्यातला दिवा मात्र मी अजून लावलेला नाही.