झॉम्बीपट बुडवण्याची घरगुती पद्धत

घरात चारपाच जणांनी मिळून झॉम्बी कॉमेडी बघायचं ठरलं असेल तर गांगरून जाऊ नका. सिनेमा कितीही चांगला असो, थोडी शिस्त पाळली की पहिल्या अर्ध्या तासात त्याचा निकाल लावता येतो. इंदूरात ही कला बरीच पुढे गेली आहे. सुदामा नगरपासून विजय नगरपर्यंत कुठल्याही मराठी घरी रविवारी दुपारी जा, प्रात्यक्षिक फुकट बघायला मिळेल.

सुरुवात उशिरा पोचण्यानं करा. नावं पडून गेल्यावर या, येताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून कचोऱ्या बांधून आणा आणि बसल्याबसल्या विचारा, "काय काय झालं?" सांगणारा सांगत असताना कागद सोडा. मग पोह्यांवर जिरावन मसाला कमी पडलाय म्हणून कुणाला तरी उठवा आणि स्वयंपाकघरातला दिवा लावून घ्या. तो परत बंद करू नका.

रक्त दिसलं की दर वेळी मोठ्यानं "टोमॅटो सॉस!" म्हणा.

यानंतर तर्काला हात घाला. "मेलेला माणूस चालेल कसा? रक्त फिरायला नको?" हे विचारणाऱ्याच्या दारात लिंबू-मिरची लटकत असली तरी हरकत नाही. पिंपळावरचा मुंजा खरा, अमावस्येला तिन्हीसांजेला बाहेर पडू नये हेही खरं, फक्त झॉम्बीनं आधी ईसीजी दाखवावा. वास्तविक इतकं कायद्यानं चालणारं भूत दुसरं नाही. जॉर्ज रोमेरोनं १९६८ साली एका कमी पैशांतल्या कृष्णधवल सिनेमात जी चौकट घालून दिली, तिच्यावर अजून दुकान चाललंय: मेलेले उठतात, रेंगाळत चालतात, जिवंतांना खातात, आणि डोकं फुटल्याखेरीज थांबत नाहीत. एवढं मान्य केलं की भुताचं काम संपलं. ते नियमानं वागतं. वागत नाहीत ती माणसं, आणि हसू येतं ते त्यांचं. पण तुम्ही याच्यात पडू नका. तुम्ही नाडी तपासा.

विनोद कळला नाही तर "यात हसण्यासारखं काय?" विचारा. कळला तर सगळ्यांना समजावून सांगा.

आता मुख्य धडा, रिमोटचा. परवा माझ्याकडे 'वन कट ऑफ द डेड' लावला होता. २०१७चा जपानी सिनेमा, दिग्दर्शक शिनिचिरो उएदा. नट कुणाच्या ओळखीचे नव्हते, खर्च साधारण तीस लाख येन, म्हणजे आपल्याकडे एखाद्या लग्नात सहज उडतात तेवढे पैसे. सुरुवातीची ३७ मिनिटं एकही कट नाही. आणि ती ३७ मिनिटं मुद्दाम भिकार आहेत. बोलता बोलता नट गप्प होतात आणि एकमेकांकडे बघत राहतात. मेकअपवाली बाई मध्येच स्वसंरक्षणाचे धडे देते. भिंगावर रक्त उडतं आणि ते कुणीतरी पुसतं. कॅमेरा काही वेळ जमिनीवर नुसता पडून राहतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि ते पुढे कळतं. कळलं की पोट धरून हसायला होतं. काय ते मी सांगणार नाही.

काकांनी विसाव्या मिनिटाला रिमोट घेतला. "अरे भिया, कॅमेरा धड धरता येत नाही लेकाच्यांना," म्हणाले आणि जुनी मॅच लावली. जिचा निकाल त्यांना पाठ होता.

हेच काका गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचं नाव निघालं की कानाची पाळी धरतात. 'आमच्या इंदूर घराण्याची' अगदी संथ, अतिविलंबित बढत, तो चौदा मात्रांचा झुमरा ताल, एकेका सुराला दिलेला तो अवकाश... "तबीयत लागते रे ऐकायला! आजच्या पोरांना दम कुठे?" बरोबर आहे काका. आजच्या पोरांना दम नाही. तुम्हाला अजून सतरा मिनिटं नव्हता.

तर वाचकहो, मॅच लावून झाल्यावर एक काम उरतं. कुटुंबाच्या ग्रुपवर मत टाका. "टुकार. वेळ फुकट. ०/५." शून्य! दीड तासाच्या सिनेमाची पाऊण तासाचीही ओळख नाही आणि गुण द्यायला हे तयार. खाली सहा जणांचे अंगठे, त्यातल्या एकानंही तो बघितलेला नाही. ते अंगठे बघून माझं डोकं फिरलं, आणि आता उपरोध वगैरे राहू द्या.

अहो, या सिनेमांत भूत बघायचं नसतंच. 'शॉन ऑफ द डेड'मधला शॉन सकाळी जांभया देत कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. रस्त्यावर मढी फिरतायत, दुकानातल्या फ्रिजच्या काचेवर रक्ताचे पंजे उमटलेत, आणि याला पत्ता नाही, कारण रोजची सकाळ तरी त्याला कुठे वेगळी दिसत होती! 'गो गोवा गॉन'मध्ये जीव वाचवायला येतो तो सैफ अली खान, खोटा रशियन होऊन. आणि आपल्या आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' डोंबिवलीत घडतो. मढी दारात आली तरी टॉवरवाले आणि झोपडपट्टीवाले हा हिशेब सुटत नाही. जग बुडालं तरी माणूस आपला हेका सोडत नाही. बघायचं ते हे, आणि त्यासाठी तोंड मिटून बसावं लागतं. कुठे हसायचं हे सांगायला प्रत्येक सिनेमात ढोल वाजत नाही.

नसेल आवडत तर नका बघू, कुणी आवतण घेऊन आलं नव्हतं. आतल्या खोलीत पंखा आहे, गादी आहे, जाऊन झोपा. पण चारजण बघत असताना बंद काय करता? आणि वर गुण काय देता?

काका, ग्रुपवरचं ते शून्य आजच्या आज काढा. देवासच्या आत्यानं ते वाचून बघायचं रद्द केलंय.