पहाटेची मांडवी

आमच्या फोटोकंपूत सूर्यास्ताला बंदी आहे. ठराव लेखी नाही, पण मोडणाऱ्याने सगळ्यांच्या चहा-भाजीचे पैसे द्यायचे असा दंडक आहे. दोष भूगोलाचा. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. केरीपासून काणकोणपर्यंत कुठेही समुद्रासमोर कॅमेरा मांडा आणि अंधार पडेपर्यंत धीर धरा, सूर्यास्त फुकटात मिळतो. पहिल्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून मिरामारला सूर्य इतक्या वेळा बुडवला, की मास्तर म्हणाले, "आता पुरे. एकदा वर काढा त्याला."

वर काढणं कठीण. समुद्रातून उगवणारा सूर्य आपल्या पत्रिकेत नाही. पाण्यावरचा सूर्योदय हवा तर नदी, नाहीतर करमळीचं किंवा मयेचं तळं गाठायचं, आणि त्यासाठी पाचच्या आधी उठायचं. मी आयुष्यात दोनदाच पाचच्या आधी उठलोय. दोन्ही वेळा रेल्वे होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी पणजीतल्या एका हॉटेलात आमची बैठक बसते. फोटो छापूनच आणायचा. मोबाइलवर दाखवला तर डॉक्टर दोन बोटांनी तो ताणत ताणत माडाच्या एका झावळीपर्यंत जातात आणि मग तासभर त्या झावळीची तपासणी. छापलेली प्रत पातळ भाजीच्या वाट्या चुकवत टेबलावरून फिरते. कुणीही कुणाच्या फोटोला वाईट म्हणत नाही, हीच खरी भीती. 'छान आहे' म्हणजे पाहिलाच नाही. 'चांगला आहे, पण' यातला 'पण' उंबरठ्यासारखा, अडखळून पडायला. आणि 'वेगळा प्रयत्न आहे' असं कुणी म्हणालं, की तो फोटो घरी नेऊन आंघोळ करावी.

चवथ झाली, सप्टेंबरचा शेवट आला, पाऊस जरा मागे हटला, आणि माझी पाळी आली. तीन दिवस गजर लावला. तिन्ही दिवस तो वाजला, माझ्याशिवाय सगळे उठले. शेवटी शनिवारी संध्याकाळी स्कूटर काढली, पणजीच्या पूर्वेला रायबंदरच्या फेरी धक्क्यावर तिपाई रोवली, आणि मांडवीवरच्या पुलांमागे बुडणारा सूर्य टिपला. घरी येऊन छापला आणि मागे बॉलपेनने लिहिलं : 'पहाटेची मांडवी'.

हा गुन्हा आहे हे मान्य. पण शास्त्र माझ्या बाजूने होतं. सूर्य क्षितिजाशी टेकला, की त्याच्या प्रकाशाला हवेच्या लांबलचक थरातून यावं लागतं. वाटेत निळा रंग विखुरतो, तांबडा-केशरी तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. उगवताना तेच, मावळताना तेच. खुद्द सूर्याला फरक पडत नाही, तिथे मी कोण?

रविवारी फोटो आधी मास्तरांकडे गेला. मास्तर खिशात पट्टी बाळगतात. त्यांनी क्षितिज मोजलं. "दोन मिलिमीटर उजवीकडे कललंय. अशाने मांडवी बेतीत शिरेल." मी मान खाली घातली. पाण्याच्या उजव्या हाताला उत्तर काठावरची बेती दिसतेय म्हणजे आपण कुठल्या दिशेला पाहतोय, हा प्रश्न त्यांच्या पट्टीवर नव्हता.

मग भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे त्यांनी कॅमेऱ्याच्या काचांमध्ये, म्हणजे लेन्समध्ये, गुंतवले, आणि गोव्याच्या दमट हवेत त्यातल्या दोन काचांना बुरशीही लागली. ते फोटो पाहत नाहीत, तो कशाने काढला ते विचारतात. "चकाकी कापणारा पोलरायझर लावलेलास? सूर्य समोर असताना? अरे, त्याचा खरा उपयोग सूर्याशी काटकोनात!" अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं भोक) एफ सोळा, म्हणजे अगदी बारीक, सांगितल्यावर त्यांनी नुसताच उसासा टाकला.

वहिनींनी मात्र (या भाऊंच्याच, पण फोटो त्यांच्याहून बरे काढतात) एकदम बोट ठेवलं. "आणि ही घार! कुठे नेमकी पकडलीत हो!"

आकाशात वरच्या बाजूला एक काळसर ठिपका होता. मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तो सेन्सरवरचा धुळीचा कण होता. अ‍ॅपर्चर बारीक केलं की असले कण मोकळ्या आकाशात स्पष्ट उमटतात. मी म्हणालो, "अर्धा तास थांबलो तिच्यासाठी."

घार बरोबर तिसऱ्या भागाच्या रेषेवर होती, त्यामुळे मास्तरांना कंठ फुटला. चौकटीचे तीन भाग पाडून महत्त्वाचं त्या रेषेवर ठेवायचं, हा तृतीयांशाचा नियम जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली लिहून ठेवला, इथून ते निघाले आणि जुन्या काळच्या फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रेपाशी पोचले. १८५० च्या दशकात फोटो काचेवर घेत, आणि त्या काचा निळ्या रंगाला फार हळव्या. समुद्र नीट यावा म्हणून थांबलं की आकाश पांढरंफटक पडायचं. म्हणून हा फ्रेंच गृहस्थ समुद्र एका काचेवर, आकाश दुसऱ्या काचेवर घ्यायचा आणि छापताना दोन्ही जोडायचा.

"तेव्हा आकाश उसनं घ्या, माझी हरकत नाही," मास्तर माझ्याकडे पाहत म्हणाले, "पण खोटं बोलू नये." बन्सचा घास माझ्या घशातच राहिला. ते ल ग्रेबद्दल बोलत होते.

डॉक्टर शेवटी बोलतात. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा काढला. "पहाटेची शांतता आहे यात. हा प्रकाश संध्याकाळी येतच नाही." त्या दिवशीची भाजी माझ्या नावे कुणी मांडली नाही.

घरी फोटो आईने पाहिला. आई नदीपलीकडच्या चोडण बेटावरची, फेरीने रायबंदरला उतरण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. चष्माही न लावता म्हणाली, "हा पूल पणजीचा ना रे पुता?"

"हो."

"मग सूर्य पणजीहून उगवला? रात्रभर कॅसिनोत होता की काय?"

मी तिला गप्प राहण्याची विनंती करत होतो, तेवढ्यात मास्तरांचा फोन. फोटो सगळ्यांच्या मनात भरलाय. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सगळे रायबंदरच्या धक्क्यावर जमणार, अगदी हाच पूल, हाच सूर्य. जागा मी दाखवायची. भाऊंनी नवी तिपाई घेतलीसुद्धा.

पाठोपाठ वहिनींचा निरोप : "घार साधारण किती वाजता येते?"

घारीची मला चिंता नाही. सेन्सर अजून पुसलेला नाही.