चांदीच्या तारेआधी कानाच्या गाद्या बघा

सध्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. महागड्या हेडफोनला चांदीची तार लावा, 100 तास वाजवून मुरवा, आवाज खुलतोच. कानाच्या गाद्या फक्त आरामासाठी, आवाजाशी त्यांचा संबंध नाही. परभणीतला माझा एक मित्र हे वाचून आठ हजारांची तार मागवायला निघालाय, म्हणून लिहितोय.

आधी तार. चांदीतून तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते, हे खरं. पण फरक जेमतेम 6 टक्क्यांचा. मित्राचा हेडफोन आहे सेनहायझर एचडी 650, त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) 300 ओहम. तारेचा जाता-येता रोध 1 ओहम धरा आणि तो पार शून्यावर आणा, तरी आवाज वाढेल 0.03 डेसिबल. 1 डेसिबलचा फरक ओळखायलाही कान टवकारावे लागतात! कानात घालायच्या, अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) असलेल्या काही इअरफोनचा रोध ठरावीक स्वरांवर फार खाली उतरतो. तिथे तारेने फरक पडू शकतो. एचडी 650 त्यातला नाही. तार तुटली असेल तर मात्र खुशाल बदला.

मुरण्याचं म्हणाल तर मुरते ती मुख्यतः गादी, आणि सरावतो आपला कान. गादी दबली की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि आवाज बदलतो. म्हणजे गादीचा आवाजाशी संबंध नाही, हे म्हणणं तिथेच संपलं.

हे मी स्वतः अनुभवलंय. माझ्या बंद कपाच्या हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्यांचे दुसऱ्याच उन्हाळ्यात पोपडे निघाले. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 वर, त्यात वीज गेली की कानामागून घामाची धार. मखमली कापडाच्या गाद्या बसवल्या. कान सुखावले, पण तबल्यातला डग्गा एकदम पोकळ वाटू लागला. कापडातून हवा निसटते आणि हवा निसटली की खर्ज जातो. चष्म्याच्या दांडीनेही तेच होतं. आता थंडीत रेक्झिन, उन्हाळ्यात मखमल, आणि मखमल असताना संगणकावर इक्वलायझर एपीओ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 100 हर्ट्झखाली, म्हणजे खर्जात, 3 डेसिबल वाढवतो. चार वर्षांत याहून स्वस्त आणि चांगली सुधारणा मला सापडलेली नाही.

हेडफोनची पकड घट्ट वाटत असेल तर तो डोक्याहून किंचित रुंद पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रात्रभर चढवून ठेवा. एकदम ताणू नका, पट्टी तडकते. फार सैल केलात तर बंद कपाचा खर्ज पुन्हा निसटेल.

सेनहायझरच्याच 2009 च्या एचडी 800 मध्ये 6 किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या स्वरांत, आवाज टोचायचा. लोकांनी कपात नमद्याचे, फोमचे तुकडे लावून तो दाबला. पुढे एचडी 800 एस मध्ये कंपनीनेही तो आवाज शोषून घेणारा भाग बसवला. तिथेही दोष निघाला तो कपातल्या पोकळीचा.

मित्रा, तरी तार घ्यायचीच असेल, तर आधी कुणाची तरी मागून आण. दोन्हींचा आवाज समान पातळीवर ठेव, कारण जरा मोठा आवाज कुणालाही सरसच वाटतो. तार वहिनींना बदलायला सांग, तू डोळे मिटून दहा वेळा ओळख. मग पैसे दे.