चूक दिसली, तरी हात का लावला नाही?

नमस्कार. उच्च न्यायालयाच्या संयमावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा लागली. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यातला अर्धा राग माझ्याच एका वाक्याने ओढवून घेतला आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हद्दीच्या दाव्यात मोजणीसाठी कोर्ट कमिशनर (जागेवर जाऊन पाहणी करून अहवाल देणारा, न्यायालयाने नेमलेला माणूस) नेमावा हा तुमचा अर्ज दिवाणी न्यायालयाने फेटाळला. ‘दुसरं मतही शक्य होतं’ असं म्हणूनसुद्धा उच्च न्यायालयाने तुमची याचिका निकाली काढली. याला मी ‘संयम’ म्हणतो, तुम्ही ‘अंग काढून घेणं’ म्हणता. आणि खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार उच्च न्यायालयाला देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ मध्ये, नुसती चूक असेल तर हात घालायचा नाही ही मर्यादा लिहिली आहे कुठे, असा तुमचा सवाल आहे.

लिहिलेली नाही, हे खरं. लष्करी न्यायालयं वगळली तर त्या अनुच्छेदात ‘सर्व न्यायालयं आणि न्यायाधिकरणं’ असंच आहे. ‘उच्च न्यायालयाला तो अधिकारच नसतो’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते मागे घेतो. अधिकार आहे आणि चांगला भक्कम आहे. १९९७ च्या एल. चंद्र कुमार प्रकरणात सात न्यायमूर्तींनी तो घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवला, म्हणजे संसदेलाही तो काढून घेता येत नाही. प्रश्न आहे तो कधी वापरायचा याचा, आणि ते बंधन न्यायाधीशांनी स्वतःवर घालून घेतलं आहे.

त्यामागचा इतिहास गमतीचा आहे. ब्रिटिश काळातल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने उच्च न्यायालयांच्या देखरेखीला निवाड्यांपासून जवळजवळ लांबच ठेवलं होतं. घटनेने ते कुंपण काढलं. १९५४ मध्ये वरयाम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हा अधिकार परत आला खरा, पण तो क्वचित वापरायचा : खालचं न्यायालय आपल्या अधिकाराच्या हद्दीत राहतं आहे ना, हे बघण्यासाठी, नुसती चूक दुरुस्त करण्यासाठी नाही. त्यानंतरचे निकाल बहुतेक याच ओळीभोवती फिरतात.

आता तुमचा खरा मुद्दा. चूक दिसत असताना ती तशीच का ठेवायची? पण ती कायमची राहत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ नुसार, मधल्या आदेशातल्या चुकीचा निकालावर परिणाम झाला असेल, तर अंतिम अपिलात तो मुद्दा घेता येतो. तुम्ही म्हणाल, अपील लागेपर्यंत वर्षं जातील. जातील, आणि यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. पण उलट बाजूने पाहा. २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अंतरिम (मधल्या) आदेशांविरुद्धच्या पुनरीक्षणाचं, म्हणजे उच्च न्यायालयाकडून ते आदेश तपासून घेण्याचं, दार बरंचसं बंद केलं आणि ती सगळी गर्दी २२७ कडे वळली. तिथेही प्रत्येक चूक तपासायची ठरवली, तर तुमच्या प्रतिवादीलाही तीच मुभा मिळेल. कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) दुरुस्तीचा अर्ज फेटाळला, जा वर. उलटतपासणीत एक प्रश्न नाकारला, जा वर. दावा तारखांवर पडून राहील, आणि जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला याहून हवं काय?

रिट का नाही, हेही विचारलंत. २०१५ मध्ये राधेश्याम प्रकरणात स्पष्ट झालं की दिवाणी न्यायालयाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध अनुच्छेद २२६ खालची रिट (उच्च न्यायालयाकडे थेट आदेश मागणारी याचिका) चालत नाही. तो रस्ता सोडा.

तरीही एका बाबतीत मी तुमच्या बाजूचा आहे. ‘नुसती चूक’ आणि ‘अधिकाराच्या बाहेरची चूक’ यांतली रेघ कागदावर दिसते तितकी ठळक नसते. पुराव्याचा कणही नसताना काढलेला निष्कर्ष, एका बाजूला न ऐकता दिलेला आदेश, हातात असलेला अधिकार वापरायलाच नकार : अशा वेळी उच्च न्यायालय हात घालतं. पण ‘निष्कर्ष विपरीत आहे’ (म्हणजे कुठलाही समंजस माणूस काढणार नाही असा) हा शब्द कधी लावायचा, हे बऱ्याचदा न्यायमूर्तींच्या नजरेवर अवलंबून असतं. एकसारखे दिसणारे दोन आदेश आणि दोन वेगळे निकाल मीही वाचले आहेत. संयमाच्या नावाखाली कधी आळसही खपतो, हे नाकारत नाही.

म्हणून दिवाणी न्यायालयाचा मूळ आदेश पुन्हा वाचा, विशेषतः अर्ज फेटाळण्याचं कारण. ‘या टप्प्यावर मला कमिशनर नेमताच येत नाही’ असं लिहिलं असेल, तर तो अधिकार वापरायला दिलेला नकार आहे, आणि तुमची तक्रार माझ्या लेखापेक्षा वजनदार ठरते. ‘नेमण्याची गरज वाटत नाही, आधी साक्षीपुरावा होऊ दे’ असं असेल, तर तो न्यायाधीशांचा विवेक झाला. तुम्हाला-मला तो पटला नाही तरी उच्च न्यायालय आपला विवेक त्याच्या जागी बसवत नाही. शिवाय दुसऱ्या प्रकारात साक्षी झाल्यावर नव्याने अर्ज करायला वाट उरते. तुमच्या वकिलांना आधी तेवढंच विचारा.