काहीही न करण्याचं वेळापत्रक

कोरियाला जायचं आणि निवांत जायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. पहाटे वेक-अप कॉल, आठला बस आणि ‘उतरा, फोटो काढा, चढा’ अशी सहल नको. आरामात उठायचं, गल्लीबोळांतून हिंडायचं, राजवाडे, देवळं जमतील तशी बघायची. माझी अट एकच : ‘आज जेवायला काय?’ हा प्रश्न मला कोणी विचारायचा नाही.

मंडळी चार. मी, हे, लेक आणि ह्यांची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई. लेकीचा जीव कोरियन गाण्यांत, ताईंचा कोरियन मालिकांत. मालिकेतली श्रीमंत सासू भावी सुनेच्या तोंडावर ग्लासभर पाणी फेकते तेव्हा ताई हातातली जपमाळ थांबवून बघतात.

पहिला दणका दिला व्हिसाने. बँकेचं स्टेटमेंट, रिटर्न वगैरे ठीक आहे. पण एजंट म्हणाला, ‘‘मॅडम, तारीखवार प्रोग्रॅम लागेल. कुठल्या दिवशी कुठे, काय बघणार, सगळं.’’

‘‘अहो, आम्ही निवांत चाललोय.’’

‘‘चालेल की. तेच तारीखवार लिहा.’’

हे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी त्याच रात्री एक्सेल उघडलं.

आधी महिना. एप्रिलच्या सुरुवातीला सोलमध्ये चेरी फुलते, पण तेव्हा लेकीला रजा नाही. जून-जुलैत तिथे धो धो पाऊस. तो बघायला डोंबिवली काय वाईट आहे? हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली, म्हणजे ताईंचे गुडघे संपावर. राहिली ऑक्टोबरअखेरची पानगळ, आणि ती नेमकी दिवाळीच्या अंगावर. त्यांची छुसॉकची, म्हणजे सुगीच्या सणाची मोठी सुट्टीही त्याच सुमारास, कधी सप्टेंबर कधी ऑक्टोबर. तेव्हा अख्खा देश गावी निघतो आणि गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत. गणपतीत कोकणात जाऊन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ‘फराळ उरकून निघू,’ असं ठरलं. फराळ कोण उरकणार, हे कोणी बोललं नाही.

मग राजवाडे. 1395 साली बांधलेला ग्यॉन्गबोकगुंग मंगळवारी बंद, तर छांगदॉकगुंग सोमवारी. बुकछोनच्या जुन्या घरांच्या गल्लीत सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पर्यटकाने रेंगाळायचं नाही, नाहीतर एक लाख वॉन दंड. ‘लाख’ ऐकून हे उठून बसले. साधारण सहा हजार रुपये होतात म्हटल्यावर पुन्हा टेकले, पण तक्त्यातला तो रकाना लाल करूनच. हानबोक हा त्यांचा पारंपरिक पोशाख घातला तर राजवाड्यात फुकट प्रवेश, हे लेकीने सांगितलं. तिकीट तीन हजार वॉनचं, पोशाखाचं भाडं त्याच्या कितीतरी पट. ह्यांनी हिशेब केला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, ‘‘नऊवारी चालेल का?’’

खाण्याची धास्ती ताईंमुळे होती. त्या कांदा-लसूण खात नाहीत, आणि तिथल्या साध्या किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाजीतसुद्धा बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा रस असतोच. उपाय सापडला तो बौद्ध मठात. 2002च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी त्यांनी पाहुण्यांसाठी मठ उघडले, तेव्हापासून कोणीही जाऊन राहू शकतं. जेवण शाकाहारी, कांदा-लसणाशिवाय. पान टाकायचं नाही. जेवून झालं की वाडग्यात पाणी ओतायचं, मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगा पुसून घ्यायचा, फोड खायची आणि ते पाणी पिऊन टाकायचं. आमचे सासरेही ताट धुऊन पाणी प्यायचे. ताईंना माहेरीच चालल्यासारखं वाटू लागलं. पुढे लेकीने वाचून दाखवलं : पहाटे चारच्या सुमारास उठणे, मग 108 साष्टांग नमस्कार. म्हणजे ज्या वेक-अप कॉलला कंटाळून आम्ही टूर कंपनी टाळली, तोच आता पैसे भरून, घंटेच्या गजरात.

‘‘दमाल. मग जिमजिलबांगला जाऊ,’’ लेक म्हणाली. जिमजिलबांग म्हणजे तिथलं सार्वजनिक स्नानगृह. उबदार फरशीवर लोळायचं, टॉवेलची मेंढीच्या शिंगांसारखी गुंडाळी डोक्याला घालायची, भाजलेली अंडी खायची, सिखे नावाचं तांदळाचं गार गोड पेय प्यायचं. हे अगदी माझ्या मनातलं. पण त्याआधी स्नान. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि अंगावर चिंधीसुद्धा नाही. तिथल्या मावशी हिरव्या खरखरीत कापडाने सालटं निघेपर्यंत मळ काढतात.

‘‘म्हणजे नरकचतुर्दशीच,’’ ताई म्हणाल्या.

‘‘ताई, सगळ्यांसमोर.’’

ताई क्षणभर थांबल्या. ‘‘ओळखीचं कोणी असणारे का तिथे?’’

‘‘नाही.’’

‘‘मग झालं तर.’’

ओळखीच्या त्याच होत्या, हे मला तोंडाने सांगवेना.

तेवढ्यात मला हवी ती गोष्ट सापडली. सोलमध्ये 2014पासून काहीही न करण्याची स्पर्धा होते! दीड तास नुसतं बसायचं. फोन नाही, बोलणं नाही, झोप नाही. मधून मधून येऊन नाडीचे ठोके मोजतात. ज्याचे सगळ्यात स्थिर, तो वरचढ. एका कलाकार बाईने ती सुरू केली. कामाने पिचलेल्या शहराला रिकामं बसायलाही स्पर्धा लागते, याची मला मोठी गंमत वाटली आणि जरा हेवाही. दीड तास कोणी काही विचारणार नाही, विचारलं तर नियमभंग!

‘‘आई, ती मे महिन्यात असते,’’ लेक म्हणाली.

‘‘मग आपली आपण करू. नदीकाठी.’’

ह्यांनी लगेच तक्त्यात ओळ टाकली : ‘हान नदी, काहीही न करणे, 4 ते 5.30.’ मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं.

‘‘बरं, त्या दिवशी जेवायला काय?’’